अपघातात फुटलेली फायबरग्लासची कॉर्व्हेट: दुरुस्ती कुठून सुरू करायची आणि कशी

शेव्हरलेट कॉर्व्हेटच्या बॉडीला पत्रा कधीच नव्हता. १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट इथे पहिल्या ३०० गाड्या बनल्या, त्या रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) आणि काचेच्या धाग्यांची चादर, म्हणजे मॅट, हाताने थापून. पुढे साच्यात दाबून पॅनेल बनवायला सुरुवात झाली, पण काचेचा धागा आणि रेझिन हा गाभा तोच राहिला. हा लेख तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९६८ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटबद्दल आहे. तिला सगळे 'सी-थ्री' म्हणतात. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी जुनी गाडी उभी करणाऱ्यांच्या हाती बहुधा हीच येते, आणि ठोकर खाल्लेली असेल तर स्वस्तात येते. पत्र्याच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग येत असेल तरी इथे बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

पत्रा चेपतो, म्हणून तो ठोकून परत आणता येतो. फायबर चेपत नाही. थोडा वाकून परत जागेवर येतो, नाहीतर तडकतो. त्यामुळे धक्का बसला एका ठिकाणी आणि तडा गेला दीड-दोन फुटांवर, असं नेहमी घडतं. बाहेर फक्त रंगाला कोळिष्टकासारख्या बारीक रेघा दिसतात आणि आतून जोड सुटलेला असतो. या गाडीच्या कामाचा क्रम म्हणूनच उलटा आहे: आधी लोखंड, मग आतले जोड, मग बाहेरची कातडी, आणि रंग अगदी शेवटी.

पाहणी

अपघाताच्या जागेवरून बॉडीचे तुकडे मिळतील तेवढे गोळा करा, नखाएवढे असले तरी. मूळ वळण नेमकं कसं होतं ते याच तुकड्यांवरून कळतं. डाव्या फेंडरची नक्कल उजव्यावरून काढता येत नाही, ती आरशातल्यासारखी उलटी येते.

मग चाकं काढून गाडी स्टँडवर घ्या आणि चाकाच्या खोबणीत शिरून आतून बघा. बाहेरची पॅनेल एकमेकांना थेट चिकटवलेली नसतात. दोन पॅनेलच्या सांध्यामागे साधारण दोन इंच रुंदीची फायबरचीच पट्टी असते आणि दोन्ही पॅनेल तिच्यावर चिकटवलेली असतात. बॉनेटच्या बाजूने फेंडरवरून जाणारा सांधा आतून विंडशील्डपर्यंत बोटाने चाचपत जा. पट्टी आणि पॅनेल यांच्यामध्ये पातळ पुट्टी-पाती शिरत असेल, तर तिथला जोड सुटला आहे.

अंधारात पॅनेलच्या मागे जोरदार दिवा धरा. मार बसलेला भाग रंग न फाटताही पांढरट पडलेला असतो, कारण आत रेझिन धाग्यापासून सुटलेलं असतं. रंगाचा थर जाड असेल तर प्रकाश आरपार येत नाही. तेव्हा नाण्याने टकटक करा. धड फायबरचा आवाज खणखणीत येतो, पापुद्रे सुटलेल्याचा बद्द. बद्द आवाजाच्या कडेने खडूने रेघ मारत गेलात की दुरुस्तीची खरी हद्द मिळते. ती दिसणाऱ्या तड्यापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठी निघते.

लोखंड आधी

सी-थ्रीची बॉडी पोलादी फ्रेमवर बोल्टने बसवलेली आहे. शिवाय बॉडीच्या आत विंडशील्डची चौकट, दारांचे बिजागरी-खांब आणि दाराखालचे पाट यांचा मिळून एक पोलादी सांगाडा असतो. अमेरिकेत त्याला 'बर्डकेज' म्हणतात. फायबर याच सांगाड्यावर चिकटवलेलं असतं.

फ्रेमची मापं तिरकी घ्या: पुढच्या डाव्या ठरावीक छिद्रापासून मागच्या उजव्या छिद्रापर्यंत, आणि मग उलट. दोन्हींत ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी फ्रेम मशीनवर न्यायला हवी. वाकडी फ्रेम गॅरेजमध्ये साखळी लावून ओढायच्या फंदात पडू नका. विंडशील्डचे खालचे कोपरे आणि दाराचे खांब गंजले असतील किंवा मारानं सरकले असतील, तर तेही जाणकाराकडेच द्या. मागची चाकं जिथे टांगलेली असतात तिथे फ्रेम वर चढते. त्या वळणावर ती आतून गंजते आणि वरून धडधाकट दिसते. तिथे टोच्याने खुपसून बघा.

बॉडी आणि फ्रेमच्या मध्ये प्रत्येक बोल्टपाशी रबर किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि कमी-जास्त संख्येने शिम, म्हणजे पातळ पोलादी चकत्या असतात. दारांच्या फटी याच चकत्यांवर अवलंबून असतात. बोल्ट सोडण्याआधी कुठल्या जागी किती चकत्या आहेत ते लिहून, पिशवीत घालून, पिशवीवर जागेचं नाव टाका.

कोणतं फायबर, कोणतं रेझिन

साधारण १९७२ पर्यंतच्या गाड्यांची पॅनेल पॉलिएस्टर रेझिनची आहेत. त्यांना पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर चालतं; आमची पसंती व्हिनाइल एस्टरला, कारण जुन्या भागावर त्याची पकड जास्त घट्ट असते. १९७३ च्या सुमारास एसएमसी आलं. यात रेझिन, धागा आणि भरण एकत्र मळलेली चादर गरम साच्यात दाबतात. साच्यातून पॅनेल सुटावं म्हणून या मालात सुटं करणारं द्रव्य मिसळलेलंच असतं, त्यामुळे साधं पॉलिएस्टर त्यावर नीट धरत नाही. काही महिने टिकतं आणि मग एक दिवस कडेने उचलतं. एसएमसीला इपॉक्सी हे वेगळं रेझिन वापरा.

इपॉक्सीसोबत नेहमीची चुरा-धाग्याची मॅट घेऊ नका. त्या मॅटमधले धागे ज्या खळीने धरलेले असतात ती पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड लागतं. आणखी एक नियम पक्का लक्षात ठेवा: जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टरचे थर द्यायचे नाहीत.

सामान

एका फेंडरच्या कोपऱ्याला ३० बाय २० सेंटिमीटरचं भगदाड आहे असं धरू. कडेचा उतार मोजून क्षेत्र सुमारे ४० बाय ३० सेंटिमीटर होतं. मूळ पॅनेल अडीच-तीन मिलीमीटर जाड असतं आणि ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर मॅटचा एक थर साधारण १ मिलीमीटर देतो, म्हणजे तीन थर. (अमेरिकेत हीच मॅट दीड औंसाची म्हणून मिळते.) मॅट भरते १६० ग्रॅमच्या आसपास. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन धरा: ३५० ते ४०० ग्रॅम. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव्य, दीड टक्का: ५-६ ग्रॅम. पाठीमागून आधाराचे थर द्यायचे असतील तर हे सगळं दुप्पट घ्या.

याशिवाय ग्राइंडर आणि ३६ नंबरची चकती, ८० नंबरचा पॉलिश पेपर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, हार्डनरसाठी सुई नसलेली सिरिंज, कागदी कप, दोन इंची स्वस्त ब्रश, हवा काढायचा खाचांचा धातूचा रोलर आणि ॲसिटोन.

हार्डनरबद्दल थांबून वाचा. हा हार्डनर म्हणजे एमईकेपी नावाचं रसायन; त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाटली उघडण्याआधी बंद गॉगल लावा, आणि हाताशी भरपूर पाणी ठेवा. भारतातल्या दुकानांत बऱ्याचदा रेझिन, कोबाल्ट (रेझिन वाळण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर अशा तीन वेगळ्या बाटल्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, त्यानंतरच हार्डनर. अमेरिकेत मिळणाऱ्या रेझिनमध्ये कोबाल्ट बहुधा आधीच घातलेला असतो.

रेझिनच्या वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क लागतो. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. घासताना मात्र धुळीचं फिल्टर हवंच. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, मनगटाला टेप गुंडाळा आणि काम संपल्यावर आधी थंड पाण्याने अंघोळ करा, म्हणजे काचेचे कण धुऊन निघतात.

घासणी

दुरुस्तीची ताकद रेझिनमध्ये असते त्याहून जास्त या पायरीत असते. नवखे लोक इथेच घाई करतात.

प्रथम मेण आणि तेल काढायच्या द्रावणाने पूर्ण भाग पुसा. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर चकती मेण फायबरमध्ये आत रेटते. रंग काढायला पत्र्याच्या गाडीचा पेंट रिमूव्हर लावू नका. तो रेझिनही खातो, आणि आत मुरलेला अंश नव्या रंगाला महिन्यांनी फोड आणतो. रेतीचा मारा तर नकोच. फायबरसाठीचा रिमूव्हर मिळतो, पण घासून काढणं सगळ्यांत खात्रीचं.

तड्याच्या टोकाला ३ मिलीमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग पांढरा पडलेला प्रत्येक कण काढून टाका, भगदाड मोठं झालं तरी चालेल. धड भागाच्या कडेला लांब, सपाट उतार द्या: जाडीच्या किमान बारापट. अडीच मिलीमीटरला ३० मिलीमीटर होतात. जागा असेल तर ५० ते ७५ घ्या. उतार आखूड असेल तर नवा भाग जुन्याला फक्त काठाने धरतो आणि पहिल्या हिवाळ्यात तिथे रेघ उमटते. मागच्या बाजूनेही कडेभोवती ७५ मिलीमीटर घासा. पृष्ठभाग कुठेही चकचकीत राहता कामा नये.

धूळ हवेच्या झोताने उडवा. उघड्या पडलेल्या धाग्यांवर ॲसिटोन ओतू नका. ते आत शिरून राहतं आणि रेझिन तिथे नीट वाळत नाही.

थर देणं

जपलेले तुकडे आता जागेवर बसवा आणि बाहेरून ॲल्युमिनियम टेपने एकमेकांशी धरा. जिथे तुकडा नाही तिथे पातळ पुठ्ठ्याला किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पारदर्शक चिकटपट्टी लावून वळणाप्रमाणे बाहेरून आधार द्या. चिकटपट्टीला रेझिन धरत नाही. बॉनेट, हेडलाइटची चौकट, बंपर आणि दार जागेवर बसवून फटी दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. सगळं जुळल्याशिवाय रेझिनचा डबा उघडायचा नाही.

आधी मागून थर द्यायचे. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा; फाटलेल्या कडेचे धागे पातळ होत जातात आणि काठाची धार उमटत नाही. तीन तुकडे करा: सर्वांत मोठा घासलेल्या कडेपर्यंत पोचणारा, पुढचे प्रत्येकी दोन-तीन सेंटिमीटरने लहान. मोठा तुकडा खाली घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. त्याचे लांब धागे जुन्या फायबरला पूर्ण रुंदीत धरतात, आणि नंतर घासताना ते कापले जात नाहीत.

रेझिन एका वेळी १५० ग्रॅमच कालवा, त्यात हार्डनर सव्वादोन ग्रॅम, म्हणजे सिरिंजने सुमारे दोन मिलीलिटर. पूर्ण एक मिनिट ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. २५ अंश तापमानाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. १५ अंशांच्या खाली काम करू नका. हार्डनर वाढवून थंडीवर मात होत नाही, रेझिन ठिसूळ होतं. मिशिगन-इलिनॉयच्या हिवाळ्यात गॅरेजइतकंच पॅनेलही गरम करावं लागतं. दमट हवा असेल, मग ती ह्यूस्टनची असो की पावसाळ्यातल्या कोकणाची, मॅट उन्हात किंवा दिव्याखाली कोरडी करूनच घ्या. कोकणात एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, होड्या बांधणारे कारागीर ओल्या मॅटला हात लावत नाहीत.

आधी घासलेल्या भागावर ब्रशने रेझिन, मग त्यावर मॅट, मग वरून रेझिन टोचत टोचत. ब्रश ओढू नका, धागे सरकतात. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते आणि खालचा पृष्ठभाग दिसू लागतो. जिथे पांढरे ठिपके राहतात तिथे हवा आहे. रोलर मधून बाहेर फिरवत ती काठाकडे न्या. तळं साचलं असेल तर जास्तीचं रेझिन ब्रशने उचला. धागा कमी आणि रेझिन जास्त म्हणजे भाग जाड पण ठिसूळ. एका बसणीत तीन-चार थरांपेक्षा जास्त देऊ नका. वाळताना रेझिन तापतं. जाड थर इतका तापतो की पॅनेल वाकडं होतं. कपात उरलेलंही तापून धुमसतं, म्हणून ते बाहेर, पाण्याच्या बादलीत.

दुसऱ्या दिवशी बाहेरचा आधार काढा, पुढून उतार घासा आणि पुढचे थर द्या. पृष्ठभाग चिकट लागला तर घाबरू नका, हवेमुळे साध्या रेझिनचा वरचा पापुद्रा तसाच राहतो. ॲसिटोनने पुसून मग घासा, नाहीतर पॉलिश पेपर लगेच भरतो. इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो; तो पाणी आणि घासणीने धुवायचा.

पूर्ण पॅनेल बदलायचं असेल तर

तीन-चार ठिकाणी फुटलेला फेंडर सांधत बसण्यापेक्षा नवा घ्यावा. बाजारात दोन प्रकार मिळतात. साच्यात दाबलेलं पॅनेल दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि मूळ जाडीचं असतं. हाताने थापलेलं बाहेरून गुळगुळीत, आतून खडबडीत आणि जाडीला कमी-जास्त. पहिला प्रकार महाग पडतो, पण बसवताना जे तास वाचतात त्यांत ते पैसे वसूल होतात.

जुना जोड हीटगन आणि रुंद पुट्टी-पातीने सोडवा. उष्णता थोडी थोडी द्या. पॅनेलला फुगे आले तर धड भाग गेला. नवं पॅनेल दर १५-२० सेंटिमीटरवर तात्पुरत्या क्लीको पिनांनी कोरडं बसवा, फटी तपासा, काढा, चिकटवायच्या दोन्ही बाजू ८० नंबरने घासा. चिकटवायला दोन भागांचं पॅनेल ॲडहेसिव्ह घ्या. नळीतून निघालेला पहिला हातभर माल फेकून द्या, त्यात दोन्ही भाग नीट मिसळलेले नसतात. क्लँप करकचून आवळू नका. जोडात साधारण १ मिलीमीटर माल राहायला हवा; तो सगळा बाहेर पिळून निघाला तर कोरडा जोड पहिल्या खड्ड्यात सुटतो.

दार फुटलं असेल तर आतही बघा. १९७३ पासूनच्या दारांत धडकेसाठी पोलादी आडवी दांडी आहे. ती वाकली असेल तर बाहेरचं फायबर कितीही छान जुळवलं तरी दार खांबाला लागत राहतं.

लांबी (पुट्टी), प्रायमर, रंग

आधी धागामिश्रित लांबी, मग बारीक पॉलिएस्टर लांबी, दोन्ही मिळून २-३ मिलीमीटरच्या आत. त्याहून खोल खळगा असेल तर मॅटचा आणखी एक थर द्या.

यानंतर थांबायचं. रेझिन पुढचे अनेक दिवस आकसत राहतं. घाईने रंगवलेल्या गाडीवर पहिल्या कडक उन्हाळ्यात दुरुस्तीची अख्खी हद्द उमटून दिसते, गडद रंगावर तर नक्कीच. किमान एक आठवडा द्या, आणि जमेल तेव्हा भाग दिव्याखाली ६० अंशांपर्यंत सावकाश तापवा, म्हणजे आकसायचं ते रंगाआधीच आकसेल. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड प्रायमर, वर काळ्या रंगाचा हलका फवारा, आणि लांब ब्लॉकने १८०, ३२०, ४०० या क्रमाने घासणी. जिथे काळं उरतं तिथे खळगा आहे. फायबरवर स्थिर वीज साचते आणि धूळ ओढली जाते. रंगाआधी पृष्ठभाग अँटीस्टॅटिक पुसणीने पुसा. १९७३ पासून पुढच्या आणि १९७४ पासून मागच्या बंपरवर युरेथेनचं आवरण आहे. त्याच्या रंगात लवचिकता आणणारं द्रव्य घाला, नाहीतर ते तडकतं.

जोडणी

फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची तार असते. नव्या कोपऱ्यात ती परत पोलादापर्यंत जोडली आहे का ते बघा. इंडिकेटर मंद लागला तर दोष बहुधा तिथेच असतो. रेडिओ असलेल्या गाड्यांत इग्निशनवर धातूची आवरणं दिलेली असतात, कारण ही बॉडी विजेचा गोंगाट अडवत नाही. ती सुटी काढली असतील तर परत लावा. आणि सी-थ्रीचे हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात. पुढच्या धडकेत त्यांच्या रबरी नळ्या चिरतात. नव्या नळ्या घाला, इंजिन चालू करून दोन्ही दिवे एकत्र वर येतात का बघा. मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा उघडून बघा. एक दिवा मागे राहिला तर त्या बाजूची नळी किंवा डायफ्राम अजून गळतो आहे.